गाळलेलं पिवळं

त्रिशला मगदूम यांना सांगलीच्या मार्केट यार्डात कधी कुणी नावानं हाक मारली नाही. हळदीच्या बाई, एवढंच. एकतीस वर्षं त्यांनी एका पेढीवर हळदीचे नमुने पारखले. हळकुंड मोडायचं, आतला गाभा पांढऱ्या फडक्यावर धरायचा, तोंड उत्तरेच्या खिडकीकडं करायचं आणि सांगून टाकायचं, माल कुठल्या रानातला, नीट शिजलाय की कच्चा राहिलाय, रंग अंगचा आहे की वरनं चोळलाय. मोठमोठे व्यापारी बाईंच्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. अशा बाईंच्या घरात, त्यांच्या पायाशी झोपणारं कुत्रं पिवळं पडत गेलं आणि सहा दिवस त्यांना ते दिसलं नाही. यार्डात कुणाला सांगितलं असतं तर त्यानं थट्टा समजून सोडून दिलं असतं.

कुत्र्याचं नाव ढब्बू. पांढरा, गावठी, नावाला शोभेल असा गोल. भूपाल गुरुजींनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, तो शाळेच्या पटांगणातनं उचलून आणलेला. गुरुजी तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा सन्मती पुण्याला, त्यामुळं घरात बोलायला म्हणाल तर ढब्बूच. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं हा मगदूमांच्या जैन घरचा नेम, आणि तो ढब्बूलाही लागू होता. उजेड उतरायला लागला की तो स्वतःच ताटलीजवळ जाऊन बसायचा. शेजारपाजारचे त्याला श्रावक म्हणून चिडवायचे.

तर बुधवारी संध्याकाळी हा श्रावक ताटलीजवळ गेलाच नाही. गुरुवारी कस्तुरा फरशी पुसता पुसता म्हणाली, काकू, ढब्बूचे कान आतनं पिवळे दिसाय लागलेत. कस्तुरा या घरात वीस वर्षं कामाला. बाईंनी चष्मा सारखा केला, ढब्बूला जवळ ओढलं, कान उलटा करून बघितला. गुलाबी. नेहमीसारखा. बाईंना रागच आला. म्हणाल्या, मला पिवळं शिकवतीस होय गं? कस्तुरा पुन्हा फरशीला लागली. शनिवारी तिनं पुन्हा विषय काढला, की ढब्बू अंगणात मुतला ते कोऱ्या चहासारखं होतं. ते बाईंनीही बघितलं होतं. त्या म्हणाल्या, उन्हाळा आहे, पाणी कमी पितोय. आणि कस्तुराला भांडी घासायला पाठवलं.

यात बाईंचा तोरा होता, नाही कशाला म्हणा. पण नुसता तोरा नव्हता. त्यांनी खरोखर बघितलं होतं, आणि त्यांना खरोखर गुलाबी दिसलं होतं.

आता चष्म्याचं सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वी बाईंच्या डोळ्यांचा मधला भाग झिजला. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी जागा असते. आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो ते त्या दाण्याच्या जिवावर. बाईंचा तो दाणा गेला. कडेकडेचं दिसायचं, मध्ये नुसता राखाडी डाग. हळदीच्या बाईंनी पेढी सोडली आणि वर्षभर घरात चाचपडत काढलं.

मग हे नवे चष्मे आले. फ्रेममध्ये दोन बारके कॅमेरे. ते समोरचं टिपतात, कानामागची पेटी त्याची जुळवाजुळव करते आणि पडद्याचा जो भाग अजून शाबूत आहे तिथं ते चित्र टाकते. पण हा शाबूत भाग कडेचा, त्याला बारकावे झेपत नाहीत. म्हणून पेटीला निवड करावी लागते, काय ठळक दाखवायचं आणि काय सोडून द्यायचं. ओळखीचे चेहरे ती आठवणीत ठेवते आणि जिथं कमी पडेल तिथं आठवणीतलं भरते. म्हणजे बाई जे बघत ते निम्मं समोरचं आणि निम्मं पेटीनं रचलेलं असे. एवढं बाईंना डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. चष्म्याला घरातला एक माणूस पालक म्हणून नेमावा लागतो, तो आपल्या फोनवरनं सगळ्या सोयी लावतो, हेही त्यांना ठाऊक होतं. सन्मती पालक होता. दुसरं कोण असणार?

मंगळवारी सकाळी ढब्बू पायरी चढता चढता खाली बसला तो उठेना. बाईंनी रिक्षा बोलावली. बिनड्रायव्हरची रिक्षा कुत्र्याला घेऊन दार लावेना, तेव्हा कस्तुरानं त्याला चादरीत गुंडाळून पिशवीसारखं मांडीवर घेतलं आणि दोघी डॉक्टर मेहजबीन मुजावरांच्या दवाखान्यात पोचल्या.

डॉक्टर मुजावर तरुण, हाताच्या चपळ आणि तोंडाच्या कडक. त्यांनी ढब्बूचा ओठ वर केला, डोळ्याची खालची पापणी ओढली, कान उलटला, पोटावरचे केस फुंकून बाजूला केले. मग त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काकू, हे कधीपासून आहे?"

"काय कधीपासून?"

डॉक्टरांचा पारा चढला. त्या म्हणाल्या, कावीळ हा काही स्वतः रोग नाही, ती रोगाची वर्दी असते. कुत्रं बोलत नाही, ते एवढीच वर्दी देतं, आणि तीही कुठं, तर हिरडीत, डोळ्यांच्या पांढऱ्यात, कानाच्या आत, पोटाच्या उघड्या कातडीवर. याला गोचिडाचा ताप आहे. गोचीड चावताना रक्तात जंतू सोडतं, ते तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतात. फुटलेल्या पेशींतला तांबडा रंग शरीर पिवळ्या रंगात बदलतं आणि तो यकृताकडनं बाहेर काढतं. पण पेशी फार फुटायला लागल्या की यकृताला आवरत नाही, पिवळा रंग अंगभर पसरतो. दोन दिवसांत आणलं असतं तर दोन इंजेक्शनांत उठला असता. आता रक्त भरावं लागेल, आणि तरीही सांगता येत नाही.

"माझे अब्बा यार्डात हमाल होते," त्या म्हणाल्या. "हळदीच्या बाईंची नजर म्हणजे काय, हे ऐकत मी मोठी झाले. आणि तुम्हाला हे दिसलं नाही?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी वाकून ढब्बूच्या तोंडात बघितलं. हिरडी गुलाबी होती. डोळे पांढरे होते. त्या हळूच म्हणाल्या, "मला पिवळं कुठं दिसत नाही हो."

 डॉक्टरांनी बाईंच्या चष्म्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. कापसाचा बोळा पिवळ्या औषधात बुडवून त्यांनी समोर धरला. हे कसं दिसतंय? बाई म्हणाल्या, पिवळं. मग तो बोळा ढब्बूच्या हिरडीला लावला. आणि आता? बाई म्हणाल्या, बोळा पिवळा, हिरडी गुलाबी. डॉक्टरांनी टेबल दाराच्या उजेडात ओढलं आणि बाईंना चष्मा काढायला लावला.

मधला डाग असला की माणसाला तिरकं बघावं लागतं. बाईंनी दाराच्या बिजागरीवर नजर लावली, म्हणजे ढब्बू कडेला आला. आकार सगळे धूसर. पण रंग दिसला. तोंडात, डोळ्यांत, पोटावर. ओल लागून बिघडलेल्या मालाचा असतो तसला मळका पिवळा. एकतीस वर्षं अशा मालाची पोती बाईंनी लांबूनच परत पाठवली होती. त्यांनी चष्मा घातला, गुलाबी. काढला, पिवळं. घातला, गुलाबी. तिसऱ्यांदा काढला तो हातातच ठेवला.

डॉक्टरांनी बाईंचा फोन मागितला आणि चष्म्याची पानं उघडली. बदल करायचा अधिकार पालकाला, पण वाचता सगळ्यांना येतं. "सौम्य दृश्य चालू आहे," त्या म्हणाल्या. मग तिथं लिहिलेलं वाचून त्यांनी समजावलं. अशा डोळ्यांच्या काही पेशंटना नसलेलं दिसायला लागतं, भिऊन ते चष्मा भिरकावून देतात. त्यांच्यासाठी कंपनीनं ही सोय केली. जखम, रक्त, निळे पडलेले ओठ, पिवळे डोळे, खप्पड झालेली गालफडं, जे बघून जीव घाबरा होईल ते पेटी गाळून टाकते आणि त्या जागी आठवणीतलं निरोगी भरते.

बाईंनी विचारलं, मग मला हळद कशी पिवळी दिसते? लिंबू कसं दिसतं?

डॉक्टर म्हणाल्या, ते नाडीवरून ठरतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कातडीत रक्त येतं आणि जातं, तसा कातडीचा रंग कणभर तांबूस होतो आणि कणभर फिका. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. जिथं असा ठोका सापडेल ते जिवंत शरीर, आणि तिथलंच पिवळं गाळायचं. लिंबाला ठोका नाही, म्हणून लिंबू सुटलं. माणूस कुठला आणि कुत्रं कुठलं, हा फरक मात्र त्या पेटीला कुणी शिकवलेला दिसत नाही.

"आणि ठोका थांबला तर?" बाईंनी विचारलं.

"थांबला तर जे आहे ते दिसणार."

बाई जवळच्या बाकावर बसल्या. गुरुजी गेले त्या दुपारी त्या त्यांच्या उशाशी होत्या. बघता बघता त्यांचा चेहरा पिवळाजर्द झाला होता, गाल आत गेले होते, हाडं वर आली होती. क्षणापूर्वीचा भरलेला, तजेलदार माणूस, आणि क्षणात हे. त्या ओरडल्या होत्या, अहो, हे असे पिवळे कसे पडले? धाकटे दीर म्हणाले होते, वहिनी, गेलेल्या माणसाचं तसंच होतं. बाईंनी मान्य केलं होतं. मरण त्यांनी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी डॉक्टरांना विचारलं, हे कधी चालू केलंय? डॉक्टरांनी फोनवरची तारीख वाचली. तीन वर्षांपूर्वीची अकरा जून. गुरुजी गेले त्याच वर्षी सत्तावीस ऑगस्टला. बरोबर अकरा आठवडे आधी.

ढब्बूला रक्त हवं होतं. कस्तुरा म्हणाली, आमच्या गल्लीत एक दांडगा कुत्रा आहे, काळ्या, कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे. तासाभरात ती त्याला दोरीला बांधून घेऊन आली. डॉक्टरांनी काळ्याचं रक्त तपासलं, काढलं आणि ढब्बूला लावलं. नळीतनं थेंब थेंब पडत होतं. दोघी बाकावर बसून होत्या. बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. त्यांनी कस्तुराला सरळ विचारलं, गुरुजी शेवटी शेवटी पिवळे दिसत होते का?

कस्तुरा गोंधळली. म्हणाली, म्हणजे काय काकू, सगळ्यांनाच दिसत होतं की. डोळे तर बघवत नव्हते.

"मग मला का नाही बोललीस?"

"मला वाटलं तुम्हाला ठावं हाय. तुम्ही रोज त्यांना म्हणायचा, आज तोंडावर तेज आलंय. मला वाटलं, बाई किती धीराची, मनावर दगड ठेवून बोलतीय. सगळी गल्ली तेच म्हणायची."

बाईंना ते अकरा आठवडे एकेक करून आठवायला लागले आणि प्रत्येक आठवण आता उलटी होऊन समोर येत होती. गुरुजी ताटात अन्न टाकायचे तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, अन्नाचा माज बरा नव्हे. गुरुजी दुपारभर पडून राहायचे तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, आळस भरलाय नुसता अंगात. इचलकरंजीच्या लग्नाला ते नको नको म्हणत होते, त्यांना ओढून नेलं होतं, आणि पंगतीत त्यांनी पानाला हात लावला नाही म्हणून परत येताना गाडीत भांडण काढलं होतं. गुरुजींना अंगभर खाज सुटायची. बाईंनी तीनदा साबण बदलला होता. अंगात साठलेल्या पिवळ्यानं खाज सुटते, हे त्यांनी आत्ता डॉक्टरांकडून ऐकलं. हाताला हात लागला की हडकुळा लागायचा, पण गुरुजी म्हणायचे, रोज चालतोय ना, वजन उतरलंय. डोळ्यांना तर चांगलं भरलेलं तोंड दिसत होतं. एवढ्या मोठ्या गावात एकट्या त्यांनाच ठाऊक नव्हतं की त्या मरणाऱ्या माणसावर करवादतायत. त्यांना इतकी लाज वाटली, इतका संताप आला, की ढब्बूसाठी आलेलं रडूही बाहेर पडेना.

त्यांनी सन्मतीला फोन केला आणि ढब्बू आजारी आहे, ये, एवढंच सांगितलं.

तो बुधवारी अकराच्या सुमाराला आला. बाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या, चष्मा समोर काढून ठेवलेला. त्यानं विचारलं, ढब्बू कसा आहे? त्या म्हणाल्या, जिवंत आहे, अजून सांगता येत नाही म्हणतायत. मग त्यांनी चष्म्याकडं बोट केलं.

"ते सौम्य दृश्य आधी बंद कर."

 सन्मतीनं कुठलं, काय, असं काहीच विचारलं नाही. खिशातनं फोन काढला, दोनदा बोट लावलं आणि फोन टेबलावर ठेवला. झालं. दोनदा बोट लावायचं काम, आणि ते तीन वर्षं झालं नव्हतं.

बाईंनी चष्मा घातला. समोर एक पोक्त माणूस बसला होता. कानशिलावर पांढरे झालेले केस, डोळ्यांखाली काळं, सुटलेला चेहरा. तीन वर्षं पेटीनं त्यांना आठवणीतला पोरगा दाखवला होता. हा कधी एवढा थोराड झाला, कशानं झाला, काही पत्ता नाही. त्यांना कीव यायला हवी होती, ती आली नाही.

सन्मती सांगायला लागला. पप्पांना स्वादुपिंडात गाठ होती, तिनं पित्ताची नळी दाबली होती. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते. दर गुरुवारी ते पेन्शनच्या कामाला म्हणून मिरजेला जायचे ते दवाखान्यात. हे सगळं पप्पांनीच ठरवलं होतं. ते म्हणाले होते, तुझ्या आईनं जन्मभर पिवळं बघितलंय, ती पहिल्या दिवशीच ओळखेल, आणि मग ती माझ्याआधी मरेल. मला घर नेहमीसारखं हवंय. तिची कटकट, तिची बोलणी, सगळं तसंच हवंय. तू चष्म्यात काही करता येतं का बघ.

"त्यांची शेवटची इच्छा होती, आई. मी काय करायचं होतं?"

 नवऱ्यानं केलं हे ऐकून बाईंचा घाव निम्म्यानं कमी व्हायला हवा होता, तो दुप्पट झाला. अडतीस वर्षं एका ताटाशी जेवलेल्या माणसानं आपल्याच बायकोची नजर तिच्या मागं दुसऱ्याच्या हातात दिली. तिला विचारलं नाही. तिला काय झेपेल हे दोघा बापलेकांनी परस्पर ठरवून टाकलं. आणि तरीही त्यांच्या मनात एक गोष्ट बसत नव्हती.

जुलैतली गोष्ट. बाहेर भरपूर ऊन. गुरुजी खुर्ची अगदी समोर ओढून बसले होते आणि दोन्ही बोटांनी खालच्या पापण्या ओढून म्हणाले होते, बघ गं, माझ्या डोळ्यांत काय दिसतंय? बाई हसल्या होत्या. काय दिसायचंय, पांढरेशुभ्र आहेत, नाटकं पुरेत. त्यावर गुरुजी म्हणाले होते, नीट बघ की, तुझी नजर आहे ना. बाईंनी पुन्हा बघितलं होतं आणि काही नाही म्हणून शेंगा सोलायला बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तेच केलं होतं, कान पुढं करून. आणि मग पुन्हा कधीच नाही.

त्यांनी हे सगळं सन्मतीला सांगितलं. मग विचारलं, "लपवायचं होतं तर ते मला दाखवत का होते?"

सन्मतीनं टेबलावरचा फोन उचलून खिशात घातला. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या, आता त्यांना बघता येत होतं. त्याच्या कपाळाची शीर उडताना दिसली, कानाच्या पाळ्या लाल होताना दिसल्या.

"पप्पांनी नंतर बंद कर म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. "महिन्याभरानं. म्हणाले, माझं चुकलं, मला हे एकट्याला झेपत नाही, तिला बघू दे. दोनदा सांगितलं."

"मग?"

"मी म्हटलं, केलंय बंद."

त्याला वाटलं होतं एवढं सांगून मोकळं होता येईल, पण बाई समोरनं उठल्या नाहीत, मग त्याला पुढचंही बोलावं लागलं. आई रोज फोनवर हसून बोलायची. ती कळल्यावर कोसळली असती, त्याला सगळं सोडून सांगलीला येऊन राहावं लागलं असतं. नवं काम लागलं होतं, घरात बाळ होतं. त्यानं ठरवलं, थोडेच दिवस आहेत, निभावून जाईल. पप्पा गेल्यावर तर बंद करायला कारणच उरलं नव्हतं. आणि मग राहून गेलं.

म्हणजे गुरुजींना वाटलं होतं, चष्मा आता खरं दाखवतोय. ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले होते, पापण्या ओढून धरल्या होत्या, आणि बायको, हळदीची बाई, जिला पोत्याच्या तोंडाशी उभं राहून पिवळं कळायचं, ती त्यांच्या डोळ्यांत बघून काही नाही म्हणाली होती. तिला दिसतंय, पण तिला बघायचं नाही, असं समजून तो माणूस गेला.

बाईंनी हे मनातल्या मनात एकदा शेवटपर्यंत नेऊन बघितलं. मग त्या उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाल्या, दवाखान्यात जायचंय, चल. तिथं जाईपर्यंत आणि येईपर्यंत त्या त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

ढब्बू वाचला. बाई रोज सकाळी जाऊन दाराच्या उजेडात त्याचा ओठ वर करायच्या. गुरुवारी हिरडी नव्या हळदीच्या गाभ्यासारखी, शुक्रवारी त्याहून फिकी, शनिवारी कडेला थोडी गुलाबी. डॉक्टरांच्या यंत्रात आकडा यायच्या आधी त्या सांगायच्या, आज एवढं उतरलंय, आणि आकडा तसाच यायचा. शुक्रवारपासून डॉक्टर मुजावरांनी यंत्र लावायच्या आधी त्यांनाच विचारायला सुरुवात केली. शनिवारी दुपारी ढब्बू घरी आला, अशक्त, चार पावलं टाकली की बसणारा, पण आला.

रविवारी सन्मतीला परत जायचं होतं. निघायच्या आधी बाईंनी त्याच्यासमोर फोन ठेवला आणि पालक बदलायचं पान उघडायला सांगितलं. नव्या पालकाचं नाव कस्तुरा. कस्तुरा ओशाळली, म्हणाली, मला नगं काकू, मला त्यातलं काय कळतंय. बाई म्हणाल्या, तुला काही कळायला नको, फक्त कशाला हात लावू नकोस.

सन्मतीनं ते पान उघडलं. मग म्हणाला, "आई, माझ्यावर एवढाही विश्वास राहिला नाही?"

"तुझ्यावर विश्वास होता म्हणूनच तर तुझे पप्पा मला दिसले नाहीत," बाई म्हणाल्या.

त्यानं अंगठा लावला. कस्तुरानं पदराला बोट पुसून अंगठा लावला. मग तो आत जाऊन बॅग घेऊन आला, ढब्बूच्या डोक्यावरनं हात फिरवला, आईच्या पाया पडला. बाईंनी पाय मागं घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. त्या दारापर्यंत आल्या. शिकायला म्हणून तो पहिल्यांदा पुण्याला गेला तेव्हापासून दर खेपेला त्या अशाच दारापर्यंत यायच्या.

तो पायऱ्या उतरला, फाटकाशी थांबला, वळून त्यांच्याकडं बघितलं. डोळे लाल होते त्याचे, ते त्यांना स्वच्छ दिसलं.

"येतो, आई," तो म्हणाला.

"जा," बाई म्हणाल्या, आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याच्याकडं बघत उभ्या राहिल्या.